नंदाबाई पुन्हा लुगडं नेसल्या, त्याची गोष्ट

शहाण्णव सालच्या डिसेंबरात, बादलीतलं पाणी हाताला चावत होतं अशा थंडीत, नोएडाच्या एका सेक्टरात एक नवल घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नंदाबाई चक्क नऊवारी लुगडं नेसून, मागे घट्ट काष्टा मारून दूध आणायला खाली उतरल्या.

आता यात नवल ते काय, असं कोणी विचारेल. तर ऐका. ही बाई बावीस वर्षांपूर्वी पुलगावजवळच्या खेड्यातून दिल्लीला आली. सरकारी क्वार्टरच्या शेजारणी पाहिल्या आणि आठ दिवसांत सहावारी नेसायला लागली. लुगडी ट्रंकेत गेली ती गेलीच. पुढे नवरा रावसाहेब कारकुनाचे सेक्शन ऑफिसर झाले, यमुनेपलीकडे नवीन सोसायटीत फ्लॅट घेतला, तरी ट्रंकेचं झाकण उघडलं नाही. आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, अचानक लुगडं!

सगळ्यात जास्त आनंद रावसाहेबांना. सकाळी चार्टर्ड बसची वेळ होत आली होती, एक बूट पायात आणि एक हातात, तरी त्यांची टकळी सुरू.

"उन्नती, बघ, बघ! ही अशी होती. पाहायला गेलो तेव्हा हिरवं लुगडं होतं अंगावर. मी मान वर केलीच नाही ना बाप्पा, लाजेनं. मला दिसला तो नुसता काठ. काठ पाहून मी हो म्हटलं!"

"मग चेहरा कधी पाहिला, बाबा?" उन्नतीने विचारलं. ती त्यांची सून. नागपूरची पोर, पेजर विकणाऱ्या एका कंपनीत कामाला.

"चेहरा? लग्नानंतर चार दिवसांनी. तोवर उशीर झाला होता."

उन्नती हसली. मुलगा हितेश दाढी करता करता हसला. नंदाबाईही हसल्या. पण हसताना त्यांनी एक हात ओट्याच्या कडेला घट्ट धरून ठेवला होता, ते कोणी पाहिलं नाही.

लुगड्याचं खरं कारण त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही हे त्यांनी पक्कं केलं होतं.

सुरुवात झाली उन्हाळ्यात. सोसायटी नवी, रंग नवा, गेटवर वर्दीतला चौकीदार नवा, पण पाणी तिसऱ्या मजल्यावर चढेना. मोटर आज दुरुस्त होईल, उद्या होईल, असं करत महिने गेले. सगळे कामावर गेले की नंदाबाई खालच्या नळावरून दोन दोन बादल्या वर आणत. चौपन्न पायऱ्या. मे महिन्यात एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना वाटलं, ओटीपोटातून काहीतरी खाली ओघळलं. बादली ठेवली, भिंतीला टेकल्या. थोड्या वेळाने बरं वाटलं, परत बादली उचलली.

मग रोज संध्याकाळी कंबर ओढल्यासारखी दुखायची. लघवीला घाई व्हायची, आणि जाऊन बसावं तर पुरती व्हायची नाही. दिवाळीच्या सुमारास न्हाणीघरात साबण लावताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, गोल, अंड्याएवढं. आपल्याच शरीरातून आपलंच काहीतरी बाहेर डोकावतंय! त्या तशाच ओलेत्या, पाटावर किती वेळ बसून राहिल्या. बाहेरून रावसाहेब ओरडले, "अगं, झोपली का आत?"

लहानपणी विहिरीवर बायका एकमेकींच्या कानात बोलायच्या, "तिचं अंग बाहेर येते." असं बोलून झालं की पोरींना हाकलायच्या. नंदाबाईंनी तेव्हा अर्धंमुर्धं ऐकलं होतं. हेही ऐकलं होतं की अशा बायका आत कापडाची घडी धरतात आणि वरून काष्टा असा कसतात की अंग जागच्या जागी राहावं. पडून राहिलं की ते आत जायचं, उभं राहिलं की उतरायचं. म्हणून ट्रंक उघडली गेली. घडी ठेवली, काष्टा आवळला, आणि खरंच, पहिले पंधरा दिवस बरे गेले. नंदाबाईंना वाटलं, जिंकलं.

सोळाव्या दिवशी घडीवर रक्ताचा डाग दिसला.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या डागाकडे पाहताना नंदाबाईंना द्वारका दिसली. द्वारका त्यांची थोरली बहीण. तिलाही असंच पाळी गेल्यावर लाल दिसायला लागलं होतं. तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. शेवटी वर्ध्याला नेली, डॉक्टरांनी तपासलं, कॅन्सर म्हणाले, आणि तीन महिन्यांत द्वारका गेली. नंदाबाईंच्या मनात याचा हिशेब भलताच बसला होता. वर्षभर रक्त जात होतं तेव्हा द्वारका चालत होती, बोलत होती, पोळ्या लाटत होती. नाव कळलं आणि माणूस संपलं. तेव्हा आपण नावच विचारायचं नाही.

मग त्यांनी काष्टा आणखी घट्ट केला. दुपारी घर रिकामं झालं की घड्या धुवायच्या, गच्चीवर नाही, न्हाणीघरातच बादलीच्या मागे वाळवायच्या. डाग कधी टिचभर, कधी बोटभर. जेवताना रावसाहेब ऑफिसच्या गमती सांगायचे आणि नंदाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत मनात म्हणायच्या, यांना स्वतःच्या हाताने चहा करता येत नाही, यांचं कसं होईल? विहारातल्या रविवारच्या वंदनेला जाणंही त्यांनी सोडलं. तिथे पांढरं पातळ नेसून तासभर मांडी घालून बसायचं, आणि पांढऱ्यावर काय दिसेल त्याचा नेम काय?

तर अशात आला प्रजासत्ताक दिन. सोसायटीच्या बागेत दरवर्षी कार्यक्रम व्हायचा. यंदा सेक्रेटरींच्या मिसेसनी, म्हणजे सबरवाल मॅडमनी, ठरवलं की प्रत्येक राज्याची एक बाई आपल्या पोशाखात स्टेजवर येणार. राजपथावर चित्ररथांची झाकी निघते तशी, पण बिनगाडीची. त्या स्वतः चौपन्न पायऱ्या चढून, धापा टाकत आल्या.

"भाभीजी, महाराष्ट्र तो आप ही हैं! यही साड़ी, और सिर पे मटका!"

नंदाबाई दारातून मागे सरकल्या. "नहीं जी, मेरेको नहीं जमता..."

"अजी क्या नहीं जमता!" रावसाहेब आतून आलेच. "इनका तो सारा बचपन मटके के नीचे गया है! लिखिए, महाराष्ट्र, पक्का!"

"और मटके में पानी ज़रूर भरिए," जिना उतरता उतरता सबरवाल मॅडम म्हणाल्या. "खाली मटका हिलता है, नकली लगता है."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. नंदाबाईंनी कारण दिलं नाही.

सव्वीस तारखेला बागेत टेंटवाल्याचे तख्त जोडून स्टेज झालं होतं, मागे रंगीत कनात. गुजरातची बाई गरब्याच्या दोन गिरक्या घेऊन गेली. पंजाबच्या मागे ढोल होता. कनातीआड उन्नतीने पितळी घागर उचलून सासूच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली. घागर काठोकाठ भरलेली. नंदाबाईंनी दोन्ही हातांनी ती सावरली, मान ताठ केली, आणि त्या ताणासरशी खालून सगळं सरकलं. कापडाच्या बाजूने, काष्ट्याच्या बाजूने, आग आग करत. मग मांडीवरून कोमट धार.

भोंग्यातून आवाज आला, "और अब... महाराष्ट्र!"

टाळ्या पडल्या. नंदाबाई हलल्या नाहीत.

"आई, चला ना. तुमचं नाव घेतलं."

"घागर उतरव."

"आत्ता? अहो, लोक..."

"उतरव म्हणते ना, उन्नती!"

एवढा आवाज उन्नतीने या बाईचा चार वर्षांत ऐकला नव्हता. तिने घागर उतरवली, आणि सासूने वळून कनातीला हात टेकला तेव्हा तिला लुगड्यावरचा डाग दिसला. तिने आपली शाल काढली आणि त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. तेवढ्यात रावसाहेब कोट सावरत आत आले.

"काय झालं? बाहेर सगळे थांबलेत!"

"आईंना चक्कर आली, बाबा. मी वर नेते."

"अरेच्या! मग महाराष्ट्राचं काय?"

आणि माणसाचा उत्साह बघा! मफलरचा फेटा बांधला, घागर खांद्यावर घेतली आणि रावसाहेब स्वतःच महाराष्ट्र होऊन स्टेजवर चढले. दोघी सासू-सुना एकेक पायरी थांबत वर पोचल्या, तेव्हा खालून भोंग्यात रावसाहेबांचा आवाज येत होता, लोक खदखदून हसत होते, शिट्ट्या वाजत होत्या. वर खोलीत नंदाबाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

"किती दिवस झाले?" उन्नतीने विचारलं.

"रक्ताला महिना झाला. अंग बाहेर येते, त्याला उन्हाळ्यापासून." त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "द्वारकाचंच झालं मला."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरकडे नेशील तर मरीन मी."

"आणि नाही नेलं तर?"

"तरी मरीन. पण तोवर माहीत तर नसेल."

उन्नतीने त्यांच्या पायांवर रजई ओढली. म्हणाली, "बरं. नाही सांगत कोणाला. पण लपवायचं तर दोघींनी लपवायचं. उद्यापासून हे कापड मी धुणार."

"वेडी आहेस काय! माझं विटाळलेलं कापड तू..."

"तुम्ही डॉक्टरकडे नका येऊ. मी कापड धुते. ठरलं."

नंदाबाईंना वाटलं, बोलते आहे, करणार थोडीच. पण दुसऱ्या दिवशी उन्नतीने ऑफिसला फोन करून सुट्टी सांगितली, बाह्या सरसावल्या आणि न्हाणीघरात बसली. नंदाबाई दाराशी उभ्या. आतून कापड चोळल्याचा आवाज. पाणी लाल झालं ते ओतलं, दुसरं घेतलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दोन्ही दिवस उन्नती रेडिओवरचं कुठलंसं गाणं गुणगुणत होती, आणि ते गुणगुणणं नंदाबाईंना रक्तापेक्षा जड जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बादली ओढून घेतली.

"ऊठ. चल कुठं नेतेस ते."

स्कूटर-रिक्षा यमुनेवरून जाताना नदीवर धुकं होतं, पलीकडची दिल्ली दिसत नव्हती. नंदाबाईंना वाटलं, हे असंच राहावं, पूल संपू नये. पण पूल संपला. सरकारी हॉस्पिटलात बायकांची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली. बाकावर शेजारी बसलेली एक हरियाणाची म्हातारी कानात म्हणाली, "अंदर लोहे की चिमटी सै, बेटी." झालं! नंदाबाई उठून निघाल्याच होत्या. उन्नतीने पदर धरला.

डॉक्टर भानुमती पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज खणखणीत. टेबलावर झोपवून त्यांनी काष्टा सोडवला, घडी काढली, आणि दिवा जवळ ओढून तपासू लागल्या. नंदाबाई वरच्या पंख्याची पाती मोजत होत्या. तीनच होती. पुन्हा पुन्हा मोजली.

"अम्मा, ये कपड़ा किसने बाँधा?"

"मैंनेच बाँधा. खुदनेच."

"कब से?"

"लुगडं... मतलब ये साड़ी पहनी तबसे. डेढ़ महीना."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनने गर्भाची पिशवी काढली, उलटी टांगलेली. पिशवीला वरून दोऱ्या, खालून झोळीसारखे स्नायू. बाळंतपणांत हे सगळं ताणलं जातं, त्या सांगू लागल्या. किती झाली? चार? आणि बाळंत झाल्यावर किती दिवसांनी कामाला लागलात?

"चौथे दिन," नंदाबाई म्हणाल्या. "निंदणी चल रही थी."

डॉक्टरांनी मान हलवली. पाळी गेली की हे स्नायू आणखी सैल पडतात, वरून वजन उचललं, खोकला असला, शौचाला जोर केला की पिशवी खाली सरकते. हजारो बायकांना होतं. लाजायचं यात काही नाही. मग त्यांनी पेनचं टोक पिशवीच्या तळावर ठेवलं. जी जागा शरीराच्या आत ओलसर राहायची, ती बाहेर येऊन कोरडी पडली, आणि दीड महिना हे घट्ट कापड तिच्यावर उठता-बसता घासतंय. तिथे जखम झाली आहे, रुपयाएवढी. रक्त तिथूनच येत असावं.

नंदाबाईंनी उन्नतीकडे पाहिलं. "म्हणजे काष्ट्यानेच?"

"मतलब कैंसर नहीं है, डॉक्टर?" उन्नतीने घाईने विचारलं.

"मुझे नहीं लगता. पर लगने से नहीं चलता." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माहवारी बंद होने के बाद एक बूँद भी आए, तो जाँच करनी ही है. टुकड़ा लेकर भेज रही हूँ. अठारह दिन में रिपोर्ट."

अठरा दिवस! जखमेसाठी औषधात भिजवलेली पट्टी रोज जवळच्या दवाखान्यातल्या नर्सकडून बदलून घ्यायची, काष्टा बंद, बादल्या बंद, दुपारी पायथ्याशी विटा ठेवून उंच केलेल्या पलंगावर पडायचं. आता बादल्या बंद म्हणजे नवऱ्याला सांगणं आलंच. संध्याकाळी रावसाहेब पलंगाखालच्या विटा पाहून म्हणाले, "हे काय, उंदीर झालेत का?" तेव्हा नंदाबाईंनी सांगून टाकलं. सगळं. द्वारकाचंसुद्धा.

रावसाहेब विटांशेजारीच खाली बसले. म्हणाले, "आणि मी त्या लुगड्याचं कौतुक करत होतो गं."

"तुम्हाला काय माहीत."

"शेजारी झोपतो मी. मला माहीत नको?"

दुसऱ्या दिवसापासून पाणी ते आणि हितेश भरू लागले. रावसाहेब पहिल्या मजल्यावर एकदा आणि दुसऱ्यावर दोनदा थांबत, आणि वर आल्यावर बादली ठेवून नुसते बायकोकडे बघत राहत. एकोणीस वर्षांची पोर बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी निंदायला गेली होती तेव्हा आपण कुठे होतो, हे ते आठवत असावेत. ते पुलगावच्या एसटी स्टँडवर टायपिंगच्या परीक्षेला निघाले होते. तेवढं ते एकदा बोलले. घरातले विनोद थांबले. त्या शांततेची नंदाबाईंना जास्त भीती वाटायची. रोज पट्टी बदलताना त्या नर्सला एकच प्रश्न विचारत, "आज लाल है?" नर्स म्हणायची, "कम है." कमी म्हणजे बरं होतंय की आत लपतंय? द्वारकाचंही मध्ये कमी झालं होतं. पडल्या पडल्या त्या मनात घराची वाटणी करायच्या: पितळेची भांडी उन्नतीला, ट्रंक भाचीला, रावसाहेबांना चहा शिकवायचं काम हितेशला.

अठराव्या दिवशी तिघं गेली. पुरुषांना आत सोडत नसत, म्हणून रावसाहेब व्हरांड्यात राहिले आणि सारखे मफलर बांधत सोडत बसले. आत डॉक्टर भानुमतींनी पाकीट फोडलं. दोन पानं होती. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर आल्या. नंदाबाईंना त्या इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्या कागदाकडे न बघता डॉक्टरांच्या भुवयांकडे बघत होत्या.

"कैंसर नहीं है, अम्मा."

"फिर से बोलो."

"नहीं है. सूजन थी, ज़ख्म था. भर रहा है."

उन्नती बाहेर धावली बाबांना सांगायला. नंदाबाई खुर्चीतच होत्या. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्या म्हणाल्या, "मेरी बहन को था. उसको नाम बताया, फिर वो गई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कितने दिन बाद दिखाया था?"

"एक साल."

एक वर्ष. नंदाबाईंनी ते वर्ष आजवर द्वारकाच्या आयुष्यात धरलं होतं. आता पहिल्यांदा त्यांना कळलं की ते तिच्या मरणात धरायला हवं होतं, आणि खुर्चीच्या हातांवर त्यांची बोटं पांढरी पडली.

पुढचं डॉक्टरांनी सावकाश समजावलं. ऑपरेशन करता येतं, हवं तेव्हा, घाई नाही. तोवर आत एक रबरी कडं बसवायचं, ते पिशवीला खालून आधार देतं. कापडाचंच काम, पण आतून आणि न घासता. दर तीन महिन्यांनी येऊन काढून धुऊन घ्यायचं. विसरायचं नाही, आत विसरलेलं कडंही जखम करतं. पुन्हा लाल दिसलं, घाण वास आला, लघवी अडली तर तारखेची वाट न बघता यायचं. आणि रोज व्यायाम: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं.

कडं बसवलं. नंदाबाईंना वाटलं होतं दुखेल, पण थोडा दाब आला आणि मग काहीच नाही. तेच भयंकर वाटलं. काहीच नाही म्हणजे निसटलं की काय?

"अब उठिए. चलिए. उकड़ूँ बैठिए."

त्या चालल्या. उकिडव्या बसल्या, उठल्या. डॉक्टर वाकून बघत होत्या.

"अब खाँसिए."

नंदाबाईंनी घशात नाजूकसा आवाज केला.

"ये खाँसी है? ज़ोर से!"

सगळा हिवाळा त्यांनी खोकला आल्यावर पदर तोंडात कोंबला होता, गुडघे जुळवले होते, श्वास धरून बसल्या होत्या. आता त्यांनी टेबलाची कड धरली, डोळे मिटले, खाली काय होतंय तिकडे सगळं लक्ष लावलं, आणि खोकल्या. काही सरकलं नाही. त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाल्या, "एक बार और." मग त्या अशा खोकल्या की पत्र्याच्या कपाटावरचा ट्रे वाजला, आणि बाहेर व्हरांड्यात रावसाहेब घाबरून उभे राहिले, "नंदा! काय झालं? नंदा!" आणि दारातली आया त्यांना दोन्ही हातांनी मागे ढकलत राहिली.